३०० मीटरचं घड्याळ आणि पट्ट्याची पिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नात सासऱ्यांनी दिलेलं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ, मागच्या झाकणावर ३०० मीटर कोरलेलं, म्हणजे पाण्यात तेवढ्या खोलीचा दाब सोसणारं. डिसेंबरात सोलापूरहून मुंबईला आठवडाभराच्या सेलिंग कोर्सला निघालाय. मित्र म्हणतात बिनधास्त घाला, बायको म्हणते कपाटात ठेवा. मी वहिनींच्या बाजूने. फक्त त्यांना भीती पाण्याची असेल, तर ती सोडून द्यायला सांगा.

पाण्याचं गणित सोपं आहे. १० मीटर खोल गेलं की साधारण १ बार दाब वाढतो. डिंगी, म्हणजे छोटी शिडाची बोट, उलटली तर तुम्ही मीटरभर, फार तर दोन मीटर खाली जाल. हात पाण्यावर आपटला की दाब भयंकर वाढतो असं सांगणारे भेटतील. अगदी सेकंदाला १० मीटर वेगाने आपटला तरी वाढ अर्ध्या बारची, म्हणजे ५ मीटर खोलीएवढी. ३०० मीटरवाल्याला ते काहीच नाही. मात्र चावी, म्हणजे वेळ लावायची बाजूची घुंडी, आट्यांची असेल तर ती घट्ट बसलेली हवी. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं, कपाटात पडून बंद पडतं, मग माणूस गाडीत बसल्यावर वेळ लावतो, चावी दाबतो आणि फिरवून घट्ट करायचं विसरतो. शिवाय मागचं झाकण कधी दुरुस्तीला उघडलं असेल आणि आतली रबर रिंग जुनीच परत बसवली असेल, तर त्या ३०० मीटरवर विसंबू नका. दाबाची चाचणी करून घ्या.

आता माझं ऐका. मी गेली पंधरा-सोळा वर्षं थंडीत रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून शिडाच्या बोटीसाठी मुंबईला जातोय. तिसऱ्या का चौथ्या वर्षी मनगटावर असंच एक २०० मीटरवालं होतं, पहिल्या मोठ्या बोनसमधून घेतलेलं. बोट वाऱ्याच्या तोंडातून वळवत होतो. पुढच्या शिडाचा दोर, ज्याला तिथे शीट म्हणतात, हातातून सुटला आणि फडफडत्या शिडाबरोबर झटका मारून गेला. जाता जाता त्याचा वेढा घड्याळाखाली शिरला. पट्ट्याची एक पिन टिचकन उडाली. घड्याळ बोटीच्या कडेवर एकदा खणकलं आणि गेलं. मी वाकून बघितलं तर हातभर खाली स्टीलची एक चमक दिसली, तीही क्षणभर. हिप्परग्याच्या तलावात पोहायला शिकलेला माणूस, वाटलं बुडी मारून काढू. पण बंदराचं पाणी चहासारखं आणि तळाला गाळ. माझ्या हिशोबाने ते पुढे दीड-दोन दिवस त्या चिखलात टिकटिकत असणार, कारण चावी भरलेली होती आणि पाणी आत जायचं काही कारण नव्हतं.

म्हणून सांगतो, घड्याळ फुटत नाही, भिजत नाही, ते हातातून जातं. हजारोंचं यंत्र धरून ठेवणारी पिन असते दहा-वीस रुपयांची. आणि पिन तुटली हे नशीबच म्हणायचं. ती तुटली नसती तर माझं मनगट त्या दोरात अडकलं असतं. त्याच कारणासाठी लग्नाची अंगठीही घरी ठेवा, हे मात्र वहिनींना तुम्हीच समजावा.

खाऱ्या पाण्याचंही बघा. ते वाळलं की काचेभोवतीच्या फिरत्या कडीखाली मिठाचे कण बसतात आणि कडी करकरायला लागते. रोज संध्याकाळी चावी घट्ट करून नळाखाली धरायचं. चामड्याचा पट्टा असेल तर आठवड्यात वास मारेल.

पण हातावर घड्याळ हवंच. कोर्सच्या शेवटी सराव-शर्यत ठेवली तर पहिली खूण सुटण्याच्या ५ मिनिटं आधी होते, मग ४ मिनिटं, मग १, मग सुरुवात. तेव्हा उलटे सेकंद मोजणारं घड्याळ लागतं. रोलेक्सने २००७ मध्ये यॉट-मास्टर २ नेमकं यासाठीच काढलं, त्या पैशांत तुमची स्वतःची नवी डिंगी येईल. आपण नवी पेठेतून मोठ्या आकड्यांचं डिजिटल घ्यावं, १०० मीटरच्या वरचं आणि उलटमोजणी असलेलं. कॅसिओचं ते पातळ एफ-९१डब्ल्यू घेऊ नका, त्यात स्टॉपवॉच आहे पण उलटमोजणी नाही. जी-शॉकला २०० मीटर मिळतात.

सासऱ्यांचंच घालायचा हट्ट असेल तर नायलॉनचा एकसंध पट्टा लावा. तो दोन्ही पिनांखालून जातो, एक उडाली तरी घड्याळ हातातच लटकतं. तरी दोर अडकायचा तो अडकेलच. आणि हरवलं तर अधिक महिन्यात धोंडे खायला गेल्यावर सासूबाईंची नजर पहिल्यांदा मनगटावर जाणार.

उजनीला रोहित पक्षी बघायला जाल तेव्हा घाला खुशाल. तिथे आपण नुसतं बसून राहायचं असतं.