पटाची जोडी सुटते अन् कॅमेरा अडतो

प्रश्न : मी शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे फोटो काढतो. कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे. जोडी सुटली की बटण दाबून धरतो. पण आठ-दहा फोटोंनंतर कॅमेरा थांबतो, दिवा लुकलुकत राहतो आणि तोवर जोडी पार झालेली असते. कॅमेरा बिघडला का? (एक वाचक, जि. भंडारा)

उत्तर : कॅमेरा ठणठणीत आहे. काढलेला फोटो थेट कार्डावर जात नाही, आधी 'बफर' नावाच्या छोट्या मेमरीत थांबतो. ती भरली की एखादा फोटो कार्डावर उतरेपर्यंत पुढचा निघत नाही. हिशेब करून बघा. एक रॉ फोटो (कॅमेऱ्याने न आटवलेली मूळ फाइल) साधारण 25 एमबीचा, म्हणजे दहांचे 250 एमबी झाले. क्लास 10 कार्ड सेकंदाला 10 एमबी लिहिण्याचीच हमी देते. वाईटात वाईट 25 सेकंद! तेवढ्यात पट संपतो.

कार्ड घेताना ठळक छापलेल्या 100 किंवा 170 या आकड्यावर जाऊ नका; तो बहुधा वाचण्याचा वेग असतो. व्ही30 किंवा यू3 ही खूण बघा, म्हणजे लिहिण्याची हमी 30 एमबीची. मागे पिनांच्या दोन ओळी असलेले महागडे कार्ड, म्हणजे यूएचएस-टू प्रकारचे, तुमचा कॅमेरा तो प्रकार चालवत नसेल तर घेऊ नका, पैसे वाया जातील.

पटापुरते रॉ बंद करून फाइन जेपेग ठेवा. रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम तर मुळीच नको. मेनूतले हाय आयएसओ नॉइज रिडक्शन कमी करा, डिस्टॉर्शन करेक्शन बंद करा. या प्रक्रियांमुळे काही कॅमेऱ्यांत बफर लवकर भरतो.

खरा फरक मात्र बोटाने पडतो. जोडी सुटताच बटण दाबून ठेवू नका. अर्धे बटण दाबून, सतत फोकसवर, जोडीसोबत कॅमेरा फिरवत राहा. बैलांचे पुढचे पाय उचललेले आणि धुरकरी (जोडी हाकणारा) पुढे झुकलेला दिसला की तीन-चार फोटो घ्या आणि बोट सोडा. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये अर्धे बटण दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमध्ये 'आर'पुढे आकडा दिसतो, तेवढेच फोटो बफरमध्ये मावतील. कॅननमध्ये 'बिझी' दिसले तर थांबा.

प्रश्न : दिवा लुकलुकत असतानाच बॅटरी काढली. आता कार्ड 'एरर' दाखवते. (एक वाचक, जि. गोंदिया)

उत्तर : कार्ड फॉरमॅट करू नका, त्यावर नवा फोटोही काढू नका. कार्ड रीडरने संगणकाला जोडून फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. सापडलेले फोटो संगणकातच साठवा, त्याच कार्डावर नाही. बॅटरी निघाली तेव्हा बफरमध्ये अडकलेले फोटो मात्र परत येणार नाहीत.