लहान मुलांची सायकल: आधी तोल, मग पायडल

प्रश्न थोडक्यात असा: पायडल नसलेली, पायांनी ढकलत न्यायची छोटी सायकल हे हल्लीचं फॅड आहे का? पूर्वी मुलं तीनचाकी, मग साइडची चाकं लावलेली सायकल आणि मग दुचाकी याच क्रमाने शिकायची ना? आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी यातलं काय घ्यावं?

फॅड अजिबात नाही. सायकल जन्माला आली तीच पायडलशिवाय. 12 जून 1817 रोजी कार्ल ड्राइस यांनी जर्मनीतल्या मानहाइमहून श्वेत्सिंगेनच्या रस्त्यावर जे यंत्र पळवलं, त्यात एकामागे एक दोन लाकडी चाकं, त्यांना जोडणारा दांडा, बसायला गादी आणि पुढे कोपरं टेकवायला फळी एवढंच होतं. वजन वीस-बावीस किलो. आळीपाळीने जमिनीला पाय मारत त्यांनी जाऊन-येऊन साधारण 14 किलोमीटर तासाभराच्या आत कापले. महत्त्वाचं होतं ते वळणारं पुढचं चाक. गाडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवलं, की चाकं पुन्हा अंगाखाली येतात. तोल म्हणतात तो हाच. पुढच्या चाकाला पायडल लागलं ते पॅरिसमध्ये, 1860 च्या दशकात. म्हणजे मोठ्या माणसांचं यंत्रसुद्धा जवळपास अर्धं शतक पायडलशिवायच होतं. 1997 मध्ये जर्मनीतच रोल्फ मर्टेन्स यांनी ‘लाइकअबाइक’ ही मुलांची लाकडी सायकल आणली, तेव्हा ती हीच मूळ कल्पना लहान मापात होती.

मुलांची आजच्या रचनेची तीनचाकी ही पायडल आल्यानंतरची. तोलाचा प्रश्न तिने सोडवला नाही, बाजूला ठेवला. अमेरिकेत तर मुलांच्या तीनचाकीला विसाव्या शतकातही ‘व्हेलॉसिपीड’ म्हणत. पॅरिसच्या त्या यंत्राचं जुनं नाव तिला चिकटून राहिलं. तिची रचना आजही तीच आहे: पायडल थेट पुढच्या चाकाच्या एक्सलला. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. 12 इंची चाकाचा परीघ सुमारे 96 सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला 60 फेरे मारले तरी वेग ताशी साडेतीन किलोमीटर. त्यात फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी सोय, नसतं. उतारावर चाकाबरोबर पायडलही गरागरा फिरतं आणि मूल घाबरून पाय वर उचलतं. ब्रेक म्हणजे पायच असल्यामुळे तोही गेला. तीनचाकी उतारावर नेऊ नये ती यासाठी.

मोठ्यांनी वेग हवा म्हणून पुढचं चाकच वाढवत नेलं. 52 इंची चाक एका फेऱ्यात सुमारे 4.15 मीटर जातं, पण त्याला तेवढे लांब पाय लागतात. मुलांची इथे अडचणच होती. ती सुटली चेनमुळे. 1885 मध्ये इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही चेनची सायकल आली आणि चाकाचा आकार नि पायडलचा वेग यांची फारकत झाली. पुढे 28 दात्यांचं चक्र आणि मागे 16 दाते असले, तर तेच 12 इंची चाक एका फेऱ्यात 1.68 मीटर जातं. आजची पायडलची प्रत्येक छोटी दुचाकी या हिशोबावर उभी आहे.

सायकलच्या हवेच्या टायरची सुरुवात तर मुलाच्याच तीनचाकीवर झाली, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांच्या मुलाला तीनचाकीवर धक्के बसत. त्यांनी 96 सेंटिमीटरच्या लाकडी तबकडीवर रबराची हवा भरलेली नळी बसवली आणि ती व तीनचाकीचं धातूचं चाक अंगणात एकदम घरंगळत सोडलं. धातूचं चाक थांबलं. हवेचं जात राहिलं आणि फाटकाच्या खांबाला आपटून उलटं फिरलं. मग तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना तसे टायर लागले. पेटंट 1888 चं. (स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी घोडागाडीसाठी 1845 मध्येच ही कल्पना नोंदवली होती, त्यामुळे डनलॉप यांचं पेटंट पुढे टिकलं नाही.)

आपल्याकडे छोट्या सायकली घरोघरी नव्हत्या तेव्हा मुलं 28 इंची काळ्या सायकलच्या त्रिकोणातून पाय घालून हाफ पायडल मारत शिकली. पायडल अर्धं खाली दाबायचं आणि मागे आणायचं, हे फ्रीव्हीलमुळेच जमतं. तिथेही तोल आधी आला, पूर्ण पायडल नंतर.

आता साइडची चाकं. दुचाकी वळताना आत कलते. साइडच्या चाकांवर ती कलूच शकत नाही, उलट बाहेर झुकते, आणि मूल हँडल तीनचाकीसारखं नुसतं फिरवायला शिकतं. ही सवय नंतर मोडावी लागते. दुसरं, खड्ड्यावर दोन्ही साइडची चाकं कडेला टेकतात आणि मागचं चाक अधांतरी राहून जागच्या जागी फिरतं. मागचा ब्रेकही त्या क्षणी निरुपयोगी.

म्हणून घरात 12 इंची सायकल असेल तर नवीन काही घेऊ नका, पायडल काढा. 15 मिलिमीटरचा पाना घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सोपी खूण अशी: पाना उभा, वर धरायचा आणि मागच्या चाकाकडे ढकलायचा, दोन्ही बाजूंना पायडल असंच सुटतं. क्रँक, म्हणजे पायडल ज्याला लावतात तो दांडा, पोटऱ्यांना लागत असेल तर तोही काढा. दोन्ही बाजूंचा मिळून एकसंध क्रँक असेल तर डावीकडचा नटही उलट्या आट्याचा असतो. चेन उतरवली की पायडल मागे दाबून लागणारा ब्रेकही जातो, तेव्हा हातब्रेक आधी तपासा.

मुलीला बूट घालून भिंतीला उभं करा, दोन्ही पायांच्या मध्ये वर पुस्तक धरून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. या वयात ती 40-42 सेंटिमीटरच्या आसपास भरते. सीट त्याहून 2 सेंटिमीटर खाली, म्हणजे टाचा पूर्ण टेकतात. सीट एवढी खाली जात नसेल तर ती सायकल अजून मोठी आहे. टायरमध्ये हवा 20-25 पीएसआय पुरे. जास्त भरली की हलकं मूल उडतं.

दोन्ही पाय उचलून पाच-सहा मीटर जायला आणि वळायला लागली की पायडल परत लावा. आटे आधी हातानेच बसवा, ग्रीस लावून. डावं-उजवं चुकवून पान्याने रेटलं तर क्रँकचे आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. सुरुवातीला उजवं पायडल घड्याळात दोन वाजल्यासारखं ठेवा. धरायचंच असेल तर तिच्या काखेत धरा. हँडल धरलंत तर तिला हँडल वळवून सावरताच येणार नाही.