लेनर्ड कोहेनचा आवाज सपाट वाटतो, मग लोकांना त्यात एवढं काय आवडतं?

नाट्यसंगीतावर पोसलेला आपला गोव्याचा कान आधी तान शोधतो, आणि ती इथे नाहीच. हा मॉन्ट्रियलचा कवी. पहिला अल्बम १९६७ सालचा, तोवर त्याचे कवितासंग्रह छापून झाले होते. बाकीबाब बोरकर आपली कविता गाऊन म्हणत, तसं हे ऐका: शब्द पुढे, सूर त्यांच्या मागून.

फोनच्या स्पीकरवर मात्र नको. नंतरच्या काळात त्याचा आवाज पार खर्जात उतरला. छोटा स्पीकर तो खर्ज गाळतो आणि उरते नुसती पुटपुट. हेडफोन लावा.

त्याचं 'हॅलेलुया' (१९८४) हे गाणं शब्द समोर ठेवून ऐका. पहिल्याच कडव्यात तो चौथा, पाचवा, मायनर, मेजर म्हणतो आणि त्याच शब्दांवर कॉर्डही (एकत्र वाजणारे सूर) तसेच बदलतात: सी मेजरमध्ये चौथा एफ, पाचवा जी, मग ए मायनर, परत मेजर एफ. किती सुंदर बांधलंय! दुसऱ्यांदा ऐकताना मागच्या कोरसकडे कान द्या. गोडवा त्यांच्यावर सोपवून तो जवळजवळ बोलतोच.

सुरुवात पहिल्या अल्बममधल्या 'सुझॅन'ने करा, तिथे आवाज अजून हलका आहे.