बारावी सायन्स झालंय, घरचे कम्प्युटरला अॅडमिशन घे म्हणतात. सॉफ्टवेअर शिकावं का, की एआयमुळे काही उरणारच नाही?

गणित बरं जमतं पण कोडिंग कधी केलेलं नाही असं लिहिलंयस. अरेतुरे करतोय, लहान आहेस म्हणून. मी पुण्यातच बीसीएस (बीएस्सी कम्प्युटर सायन्स) केलं आणि गेली बारा वर्षं हिंजवडीला आयटीत नोकरीला जातोय, त्यातली दोनेक तरी वाकडच्या ट्रॅफिकमध्येच गेली असतील.

सेकंड इयरला सी भाषेत एक प्रोग्रॅम लिहीत होतो, इफच्या म्हणजे अटीच्या कंसात बरोबरचं चिन्ह दोनदा हवं तिथे एकदाच पडलं. सी त्याला एरर देत नाही, तुलना करायची सोडून गुपचूप नवी किंमत भरते आणि पुढे जाते. संध्याकाळी सातला बसलो, मेसचा डबा गार झाला, सगळे झोपले, रात्री दीडला चूक सापडली आणि मी एकटाच येड्यासारखा हसत बसलो. माझा रूम पार्टनर गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, पण त्याला हे असलं सहनच व्हायचं नाही, तो सरळ बँकेच्या परीक्षांकडे वळला आणि आज मजेत आहे. त्यामुळे गणिताच्या मार्कांवरून ठरवू नकोस.

त्यापेक्षा एक कर. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं अगदी सुरुवातीचं शिक, आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल साइटवर फुकट आहे, आणि घरच्या दुधाचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिही. रोज एक लिटर, खाडे वजा, महिन्याचं बिल. हे जमेल. मग आईला दाखव. ती म्हणेल अरे रविवारी अर्धा लिटर जास्त असतं, आणि पंधरा तारखेपासून भाव वाढलाय, आणि मागचे चाळीस रुपये दूधवाल्याकडेच राहिलेत. आता सगळं परत उसवावं लागेल. नोकरीत आम्ही हेच करतो, फक्त आईच्या जागी क्लायंट असतो. त्या वेळी तुला वैताग येतो की परत बसावंसं वाटतं ते बघ, वैताग सगळ्यांनाच येतो म्हणा, पण दुसऱ्या दिवशी परत उघडतोस का.

एआयचं म्हणशील तर आम्ही रोज वापरतो, दुधाचा पहिला प्रोग्रॅम ते मिनिटात देईल. पण भाव मधेच बदलला तर काय, हे विचारायचं कुणाला तरी सुचावं लागतं, आणि आलेलं उत्तर चुकलंय हे कळावं लागतं. आमच्या टीममध्ये नवीन पोरांना पूर्वी जी सोपी कामं द्यायचो ती कमी झालीत, हे मात्र खरंय.

कोर्सचं थोडक्यात: इंजिनिअरिंगला कम्प्युटर की आयटी यावर रात्र जागवू नकोस, फार फरक नाही. बीसीएसला पण इलेक्ट्रॉनिक्स आणि गणित असतं, आम्हाला तर होतंच, नंतर रडू नकोस. बीसीएला २०२४ पासून सीईटी लागते, तारीख चुकवू नकोस. इंजिनिअरिंग किंवा एमसीएनंतर सीडॅक या सरकारी संस्थेचा सहा महिन्यांचा डॅक कोर्स पण आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि शंभर टक्के प्लेसमेंटवाल्या क्लासला आधी पैसे भरू नकोस, मी भरले होते, प्लेसमेंट म्हणजे त्यांनी एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घातलं.

लॅपटॉपची पण घाई नको, पायथन मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालतं, टाइप करताना जीव जाईल तेवढाच. हिशोब झाला की खाली कमेंटमध्ये टाक, बघतो.