जाग आली तरी अंग हलत नाही, छातीवर कोणीतरी बसलंय असं वाटतं. असा अनुभव आणखी कोणाला आहे का?

हो, मला आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून आजपर्यंत, अधूनमधून. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात दोनदा असं झालं, दाराशी कोणीतरी उभं दिसलं, मामींनी देवस्कीचा, म्हणजे भुताखेताच्या बाधेचा आणि तिच्या उताऱ्याचा, विषय काढला आणि आता रात्री डोळे मिटायचीच भीती वाटते. म्हणून सगळ्यात आधी एवढं सांगतो, बाकीचं सावकाश वाचा : त्या अवस्थेत तुमचा श्वास बंद पडत नाही. पडतोय असं कितीही वाटलं तरी नाही.

माझं गाव देवगड तालुक्यात. हापूसची कलमं आहेत, त्यामुळे मार्च ते मे बागेत राखण असते आणि रात्र मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, काढावी लागते. बॅटरी घेऊन एक फेरी मारायची, थोडा डोळा लागतो न लागतो तोच कुत्रा भुंकतो, पुन्हा उठायचं. उजाडताना आंबे काढणारी माणसं येतात, दुपारी पेट्या भरायच्या, संध्याकाळी गाडी लावून द्यायची. सलग झोप अशी नसतेच. मला हे जे झालं ते बहुतेक याच दिवसांत, आणि जवळजवळ नेहमी पहाटे.

पहिल्या वेळी मी खाटेवर उताणा होतो. डोळे उघडे. वरचे वासे दिसत होते, खुंटीला अडकवलेला बाबांचा शर्ट दिसत होता, खालून समुद्राची गाज येत होती. हात उचलायला गेलो तर हात उचलेचना. मग बाहेर पातेऱ्यावर, वाळक्या पानांवर, पावलं वाजली. अगदी स्पष्ट, एकेक. दारातला काळोख दाट होत गेला आणि त्यातून काहीतरी आत आलं. त्याला चेहरा नव्हता, पण ते माझ्याकडेच बघतंय हे मला पक्कं माहीत होतं. छातीवर वजन आलं. बाबा चार हातांवर घोरत होते. मी जिवाच्या आकांताने त्यांना हाक मारत होतो आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. बाबा कुशीवर वळले, खाट करकरली आणि क्षणात सगळं सुटलं. मी घामाने भिजलो होतो. ज्याला हा अनुभव नाही त्याने ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून तो उडवून लावू नये असं मला मनापासून वाटतं. स्वप्नात आपली खोली इतकी आपल्या खोलीसारखी नसते.

आजीला सांगितलं तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं. “मुंज्यान दाबल्यान तुका झिला. उताणो निजू नको. छातीर हात ठेवन निजू नको. कुशीर निज.” पुढे मी याबद्दल मिळेल ते वाचलं तेव्हा आजीचं वाक्य पुन्हा समोर आलं, कारण उताणं झोपण्याचा आणि या प्रकाराचा संबंध संशोधकांनाही वारंवार दिसला आहे. तिने दिलेलं कारण मी मानत नाही. पण तो सल्ला असा अनुभव आलेल्या कितीतरी माणसांना पाहून तयार झाला असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता कारण. रात्रभरात आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांत चालते. प्रत्येक फेरीत एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी या टप्प्याची नोंद प्रसिद्ध केली. त्याला रेम झोप म्हणतात. या वेळी मेंदूच्या बुंध्याकडून मज्जारज्जूतल्या चेतापेशींना थांबण्याचा आदेश जातो आणि हातापायांचे स्नायू पूर्ण सैल पडतात. आपण स्वप्नात धावतो, पण अंथरुणात पाय हलत नाहीत, ते यामुळे. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा थांबवणारा भाग निकामी केला, तर मांजरं झोपेतच उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. म्हणजे जे जखडणं आपल्याला इतकं भयंकर वाटतं, ते रोज रात्री घडतं आणि आपल्याला इजेपासून वाचवतं. एखाद्या वेळी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मधले काही सेकंद, फार तर काही मिनिटं, हाच तो सगळा प्रकार.

डोळे आणि श्वासपटल यांना हा आदेश लागू नसतो. म्हणून तुम्हाला दिसतं आणि म्हणून श्वास चालू राहतो. मात्र बरगड्यांमधले स्नायू सैल असतात. छाती भरून मोठा श्वास घ्यायला जावं तर तो घेता येत नाही, आणि तेच वजन ठेवल्यासारखं वाटतं. दारातली आकृती हा अजून न संपलेल्या स्वप्नाचा भाग असतो, तो उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या खऱ्या खोलीत मिसळतो.

आणि ही आकृती आपल्याच गावात येते असं नाही. कॅनडात न्यूफाउंडलंड म्हणून मासेमारीचा किनारा आहे, तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या छातीवर बसणाऱ्या म्हातारीबद्दल सांगत आलेत. जपानमध्येही याला वेगळं नाव आहे. तिथे मुंजा नाही, पिंपळाचा पार नाही, तरी वजन तेच आणि दाराशी उभं राहणंही तेच. मला सगळ्यात जास्त धीर आला तो हे कळल्यावर. २०११ साली ३५ अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा की साधारण ८ टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो, आणि विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांपर्यंत जातं. तुमची परीक्षा चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला.

मालवणातला माझा एक मित्र ट्रॉलरवर खलाशी आहे. मी माझं सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. जाळ्याच्या दोन ओढींच्या मध्ये मिळेल तेवढी झोप घ्यायची, त्यात त्याला हे व्हायचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, घरी रात्रभर झोप मिळते, तेव्हा नाही. त्याला वाटायचं की दर्यावरचं काहीतरी मागे लागलंय.

त्या क्षणी काय करायचं? सगळं अंग एकदम उचलायची धडपड करू नका, त्याने घाबरगुंडी वाढते. पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा, नाहीतर डोळे इकडेतिकडे फिरवा आणि श्वास आपला चालतोय तसा चालू द्या. आकृतीकडे लक्ष देऊ नका. सुटल्यावर लगेच तसंच परत झोपू नका, नाहीतर तेच पुन्हा होऊ शकतं. उठा, दिवा लावा, तोंड धुवा, पाणी प्या. एरवी झोपायची-उठायची वेळ ठरलेली ठेवा आणि जागरणं टाळा. दारू पिऊन येणारी झोप पहाटे मोडते, तीही टाळा. तुम्ही भीतीने जागे राहताय, हे मला सगळ्यात काळजीचं वाटतं. जागरणाने हे वाढतं, वाढलं की भीती वाढते.

एकदोनदा झालं तर औषधाची गरज नसते. पण दर आठवड्याला होत असेल, दिवसा आवरता न येणारी झोप येत असेल, किंवा मोठ्याने हसताना-चिडताना गुडघ्यातलं बळ एकदम जात असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवाच. तो नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

मामींशी वाद घालू नका. त्यांना तुमची काळजी आहे. देवळात गाऱ्हाणं घालून त्यांना आणि तुम्हाला बरं वाटणार असेल तर जरूर घाला. पण देवस्कीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर संशय घ्यायला लावला किंवा रात्रभर बसवून ठेवलं, तर तिथून निघा. आणि आज रात्री खोलीत एकटे झोपू नका. सोबत जो कोणी असेल त्याला सांगून ठेवा : माझा श्वास जोरात चालायला लागला किंवा मी कण्हलो, तर खांद्याला धरून हलव. बाहेरून हात लागला की हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे सुटतं. आमच्या घरी हे काम आता बायको करते.