झोळी पुढे आली तेव्हा

शरणपूर रोड, नाशिक
रविवार, संध्याकाळ

प्रिय मुली,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज सकाळी उपासनेला निघतानाच वाचला. पण असल्या गोष्टीचं उत्तर मोबाइलवर अंगठ्याने देणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. तू लिहिलंस : पहिला पगार झाला. चर्चचे पाळकसाहेब सांगतात, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, न देणं म्हणजे देवाला ठकवणं. पप्पा म्हणतात, आधी शिक्षणाचं कर्ज फेड. आणि चर्चच्या कमिटीची भांडणं ऐकून ऐकून उपासनेत दानाची झोळी पुढे आली तेव्हा तू हात आखडलास.

पाळकसाहेबांच्या आणि पप्पांच्या म्हणण्याकडे येतोच. आधी तुला झोळीचं पुढे काय होतं ते सांगतो, कारण ते मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं.

मी बावीस वर्षं खजिनदार होतो. उपासना संपली की मागच्या खोलीतल्या टेबलावर लाल मखमलीच्या झोळ्या उलट्या करायच्या. दोघांनी मोजायचं, तिसऱ्याने लिहायचं, खाली तिघांच्या सह्या. निम्मा वेळ नोटा सरळ करण्यात जायचा. मोठ्या नोटा बहुधा सरळच असायच्या (शेजारच्याला दिसाव्यात अशा बेताने टाकलेल्या, असं माझं आपलं मत). दहा-वीसच्या मात्र घड्या घालून घालून नखाएवढ्या केलेल्या. एकदा शर्टाचं बटण निघालं. आणि एक वीसची नोट जवळजवळ दर रविवारी यायची, कोपऱ्याला हळदीचे पिवळे बोट. कोणाची ते मला ठाऊक होतं. चार घरी पोळ्या-भाजी करणाऱ्या बाई, डाव्या बाजूच्या शेवटून दुसऱ्या बाकावर बसायच्या. नाव घातलेलं दानाचं पाकीट नाही, पावती नाही, रजिस्टरात नाव नाही. त्यांची नोट ‘सुटे दान’ या एका ओळीत जायची. म्हणून त्या ओळीचा हिशेब मी सगळ्यांत कडक ठेवला. पाकीटवाले विचारायला येतात, सुटे दानवाले येत नाहीत.

आता क्यूआर कोड आल्यापासून झोळी हलकी झाली आहे. गंमत म्हणजे मोबाइलवरून दिलेले लोकही झोळी आली की रिकामी मूठ आत घालून बाहेर काढतात. लाज मोठी चिवट असते बघ.

आता मलाखी, जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक. तिसऱ्या अध्यायाचं दहावं वचन, ‘सगळा दशमांश भांडारात आणा’, दरवर्षी एकदा तरी आपल्या वेदीवरून वाचलं जातं. वाचावंच. पण तू घरी बसून मलाखी पहिल्या अध्यायापासून वाच. चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासाचं काम. पहिल्या अध्यायात संदेष्टा आंधळी, लंगडी जनावरं अर्पण करणाऱ्या याजकांना झापतो, दुसरा अध्याय तर याजकांचं नाव घेऊनच सुरू होतो. बाकांवरच्या लोकांकडे तो वळतो ते नंतर. आपल्याकडे पहिले दोन अध्याय गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारतात.

मग ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचा चौदावा अध्याय उघड. तिथला दशमांश वाचून मी तुझ्याएवढा असताना चाटच पडलो होतो. धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा भाग परमेश्वरासमोर नेऊन घरच्यांसह खायचा, आनंद करायचा! वाट लांबची असेल तर विकून पैसे गाठीला बांधायचे आणि तिथे जाऊन हवं ते विकत घ्यायचं. लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या, जमीन नसलेल्या वंशातल्या माणसाला, विसरायचं नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी तो भाग गावातच साठवायचा, लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. म्हणजे दशमांशाला वासच जेवणाच्या पंगतीचा आहे. आपण त्याला घरपट्टीची कळा आणली.

नव्या करारात प्रेषित पौलाने दहा टक्के असा आकडा कुठेही घातलेला नाही. करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या मंडळीला, त्याने सांगितलं ते मनात ठरवल्याप्रमाणे द्या, कुरकुरत नको, भाग पडतं म्हणून नको. यावर काही जण खूश होतात, चला, दहा टक्के सुटले! त्यांना मी शुभवर्तमानातल्या गरीब विधवेच्या दोन टोल्यांची, अगदी क्षुल्लक नाण्यांची, आठवण करून देतो. तिने दहावा भाग दिला नव्हता, होतं नव्हतं तेवढं टाकलं होतं. माझ्यापुरता मी दशमांश कुंपणासारखा धरला आहे. कुंपणामुळे पीक येत नाही, पण आपल्याच घरचं जनावर पीक खाऊन टाकत नाही. हा माझा निश्चय. तुझा तू करायचास, आणि करताना माझं नाव सांगायचं नाहीस.

(दहा टक्के पीएफ कापायच्या आधीचे की हातात आलेल्याचे, हेही विचारलं आहेस. एक काहीतरी ठरव आणि विषय सोड. पुदिना आणि जिरं मोजत बसलेल्यांना प्रभू काय म्हणाला ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहे.)

पप्पांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. कर्जाचा हप्ता हा तू दिलेला शब्द आहे, आणि जामीन पप्पा आहेत. तो चुकवून झोळी भरलीस तर मार्कच्या सातव्या अध्यायातला ‘कुर्बान’ होईल : आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं आहे असं म्हणून अंग काढून घ्यायचं. प्रभूला त्याची चीड होती. पण ‘कर्ज फिटल्यावर देईन’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की सांगता सोय नाही. कर्ज फिटल्यावर गंगापूर रोडला फ्लॅट बुक होतो, मग त्याचं कर्ज. तुझ्या हातात अठ्ठावीस हजार येतात, हप्ता नऊचा. मग आत्ता हजार रुपयांनी सुरुवात कर. पगार आला त्याच दिवशी, पहिल्यांदा. महिनाअखेरीला उरलेल्यातून काढायला गेलीस तर काही उरत नाही. हप्ता संपेल तेव्हा वाढव. आमची आई बाजरी दळायला काढताना पहिली मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, कापणीच्या सणाला तो डबा देवळात जायचा. घरात सात खाणारे होते. डबा कधी रिकामा गेला नाही आणि आम्ही कधी उपाशी झोपलो नाही. मूठ मात्र काही वर्षी फारच लहान असायची, तेही मी पाहिलं आहे.

आता भांडणं. इथे मी तुला उपदेश करायला लायक नाही, कारण तू जे केलंस ते मी दोन वर्षं केलं आहे. खजिनदार होण्याच्या आधीची गोष्ट. कमिटीने दुरुस्तीच्या कामात कोणाला विचारलं नाही, मी रागावलो आणि देणं बंद केलं. आणखी पाच-सात घरं माझ्यामागे आली. आम्हाला वाटलं, कमिटीला झोंबेल. कमिटीला काही झोंबलं नाही. घंटा वाजवणारा, झाडलोट करणारा जो माणूस होता, त्याचा पगार तीन महिने थकला. तो एक दिवस मला त्र्यंबक नाक्यावर भेटला आणि मलाच पन्नास रुपये उसने मागितले. त्याला कारण माहीत नव्हतं, मला होतं. आणि त्या दोन वर्षांत वाचलेले पैसे मी दुसऱ्या कुठल्या सत्कार्याला दिले का? रंगीत टीव्ही घेतला.

म्हणून म्हणतो, राग असेल तर देणं थांबवू नकोस, विचारणं सुरू कर. आपल्या बायबलात ‘कारभारी’ हा शब्द आहे. कारभारी विश्वासू असला पाहिजे, असं पौल म्हणतो. आपण तो शब्द देणाऱ्याला लावतो. तो घेणाऱ्यालाही लागू आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्या खजिनदाराला का वाटावं?

शिवाय कायदाही आहे. सार्वजनिक ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेला १९५०च्या विश्वस्त कायद्याखाली हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात, आणि जमीन विकायची तर कलम ३६ची पूर्वपरवानगी लागते. हिशेब मागणारी बाई बंडखोर ठरत नाही.

आपल्याला विचारायची सवय नाही याला जुनं कारण आहे. शरणपूरची वसाहत १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. आफ्रिकेतल्या गुलामीतून सोडवलेली मुलंही इथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवासोबत थेट इंग्लंडपर्यंत गेला. हे सगळं तिकडच्या मंडळ्यांनी जमवलेल्या वर्गण्यांवर उभं राहिलं. देणारे साता समुद्रापार, घेणारे आपण. पैसा कुठून येतो ते कळत नव्हतं, मग कुठे जातो ते कोण विचारणार? ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतंत्र भक्तसमाज मांडला, त्यामागे हीच टोचणी मोठी होती, असं मी समजतो. ख्रिस्त आपला आणि खर्च साहेबाचा, हे त्यांना पटेना.

तू पूर्वी विचारलं होतंस म्हणून आणखी एक. सगळं मंडळीतच द्यायचं का? माझा मोठा भाग मंडळीत जातो, कारण तिथे मी प्रभुभोजन घेतो आणि माझ्या मातीला तिथलेच लोक येणार आहेत. थोडा भाग मी हातात ठेवतो, कोणाचं औषध, कोणाच्या पोराची फी. तो कोणाला सांगत नाही. आत्ता तुला सांगून बसलो, ते विसर.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. सोबत गेल्या वर्षीच्या हिशेबाची छापील प्रत ठेवली आहे. चौथ्या पानावर ‘किरकोळ’ असं लिहून जो आकडा टाकला आहे तो किरकोळ नाही. मी विचारणारच आहे, पण म्हाताऱ्याचं बोलणं लोक खोकल्यासारखं ऐकून घेतात. तू आधी उठ. वर्गणीची पावती बरोबर आण, नाहीतर सभासद नाही म्हणून खाली बसवतील. आणि सभेनंतर जेवायला घरीच ये, काकूने सांगितलं आहे.

तुझा,
काका