भीती घोड्यापासून लपत नाही

ताई,

माझं वय 43. पाच वर्षांपूर्वी मुलीला घोडेस्वारीच्या वर्गाला न्यायचे. ती रिंगणात, मी कठड्याला टेकून. एक दिवस मीही चढले आणि मग ते सुटलंच नाही. चार महिन्यांपूर्वी कॅन्टरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीत असताना कडेची ताडपत्री फडफडली, घोडा एकदम आडवा उडाला आणि मी खाली. कॉलरबोन मोडली. मुलगी तेव्हा कठड्याशीच उभी होती. आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. पण रिकिबीत पाय घातला की गुडघे थरथरतात. दुडकीचं नाव काढलं तरी तोंड कोरडं पडतं. सर म्हणतात, 'पडल्यावर लगेच चढायचं असतं, तुम्ही वेळ घालवलात.' नवरा म्हणतो, 'सोडून दे, आता कशाला?' आणि ज्या घोड्याला मी रोज खरारा केला त्यानंच मला पाडलं, हे मनातून जात नाही. मुलीला काही कळू देत नाही. पाठ दुखते म्हणून सांगते. मी भित्री झाले का? सोडून देऊ का?

— कठड्याबाहेरची

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात भीती आहेच, पण तिच्याहून जास्त लाज आहे. भीतीवर उपाय आहेत आणि ते पुढे लिहिते. लाजेचं ओझं मात्र आधी उतरवू, कारण ते घेऊन घोड्यावर चढता येत नाही.

'पडल्यावर लगेच चढायचं' हे अर्धंच खरं आहे. नुसतं खरचटलं असेल, डोकं शाबूत असेल, तर दहा मिनिटांनी पुन्हा बसून शांतपणे एक फेरी मारणं चांगलंच. शेवटची आठवण पडण्याची राहत नाही. पण डोक्याला मार बसलेला असताना लगेच चढणं धोक्याचं असतं. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो फार महागात पडू शकतो. आणि मोडलेल्या कॉलरबोननं कोणी चढायचंच नसतं. तुम्ही वेळ घालवला नाहीत. हाडाला जुळायला वेळ लागतो, तेवढा तुम्ही दिलात.

मीही पडले आहे, म्हणून हे नुसतं पुस्तकातून लिहीत नाही. माझं हाड मोडलं नव्हतं, फक्त कंबर सुजली होती. तरी पुढचे कित्येक महिने मी वर्गाच्या दिवशी काही ना काही कारण काढत असे. कधी गुडघा, कधी सर्दी, कधी कामाची गडबड. भीती वाटते हे दोन शब्द तोंडातून निघाले तेव्हा कुठे माझी गाडी पुढे सरकली. म्हणून तुमच्या पत्रातली 'पाठ दुखते' ही ओळ मी लगेच ओळखली.

भीती माणसांपासून लपवता येते, घोड्यापासून येत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2009 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांनी घोडा हातात धरून, काहींनी त्यावर बसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार खेपा केल्या. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, आता तुम्ही जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही. घोड्यांना छत्रीबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त आपलं माणूस बदललेलं जाणवलं.

तुमची ताडपत्री ही ती छत्री आहे. ती फडफडेल या विचारानं तुम्ही काय करत असाल ते मला इथून दिसतंय, कारण सगळेच तेच करतात. श्वास छातीत अडकतो, खांदे वर येतात, अंग पुढे झुकतं, गुडघे खोगिराला आवळले जातात, टाचा वर उचलल्या जातात, लगाम आखडला जातो. आता हे घोड्याच्या बाजूनं बघा. पाय म्हणतात 'चल', लगाम म्हणतो 'थांब', आणि पाठीवरचं माणूस दम रोखून बसलंय, म्हणजे जवळपास काहीतरी भयंकर आहे. तोही ताठरतो. शिवाय पुढे झुकून, टाचा वर करून बसलेल्या स्वाराची मांड सगळ्यात कच्ची. स्वतःला वाचवण्यासाठी शरीर जे करतं, त्यानंच पडण्याची शक्यता वाढते.

यातल्या एकाच गोष्टीवर तुमचा थेट ताबा आहे, तो म्हणजे श्वास सोडण्यावर. 'दीर्घ श्वास घ्या' असं सगळे सांगतात. घाबरलेलं माणूस घेतो आणि धरून ठेवतो. तुम्ही सोडण्याकडे लक्ष द्या. त्यासाठी मला सापडलेली सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे गाणं म्हणणं. कुठलंही पाठ असलेलं गाणं, घोड्याच्या चालीवर. चालताना घोड्याचे चार ठोके पडतात, दुडकीत दोन, कॅन्टरमध्ये तीन. त्या ठोक्यांवर गाणं बसवायला लागलात की श्वास आपोआप बाहेर पडतो आणि मनाला भलतीकडे जायला सवड मिळत नाही. आवाज कसाही असो, घोडा तक्रार करत नाही.

आता सरांशी बोला. त्यांच्या रागाचं वाईट वाटून घेऊ नका, पण मोघमही बोलू नका. 'मला भीती वाटते. चढताना वाटते. चालताना कमी होते. कॅन्टरचा विचारही आज नको.' इतकं नेमकं. चांगल्या शिक्षकाला यातून पुढचे आठ वर्ग दिसायला हवेत. हे ऐकूनही 'काही होत नाही, मारा टाच' असंच उत्तर आलं, तर शिक्षक बदला. यात उद्धटपणा नाही.

चढाई कुठून सुरू करायची? जमिनीवरून. पहिले काही दिवस नुसता खरारा करा, हातात धरून फिरवा, थांबवा, मागे सरकवा, वळवा. तुमच्या शब्दाला घोडा थांबतो हे हातांना पुन्हा पटलं पाहिजे. मग सरांच्या हातात लंज दोरी, म्हणजे घोड्याला गोल फिरवायची लांब दोरी, देऊन एखाद्या वयस्कर, शांत घोड्यावर बसा. गोल फिरवण्याचं, थांबवण्याचं काम त्यांचं; तुमचं काम फक्त बसण्याचं. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधून घ्या, वाटलं तर धरायला. आयाळ धरली तरी चालते. घाबरून लगाम ओढण्यापेक्षा घोड्याला ते कितीतरी सुखाचं.

इथे एक गोष्ट मी जरा आग्रहानं सांगणार आहे, कारण बहुतेक जण नेमकी हीच चुकतात. भीती टोकाला गेली की आपण उतरतो, आणि उतरताच सुटल्यासारखं वाटतं. त्यातून मन शिकतं की आपण उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. म्हणून पायरी इतकी लहान ठेवा की भीती वाटेल, पण सोसेल. त्या पायरीवर थांबा, ती ओसरेपर्यंत. अंग सैल झालं की मग उतरा, भले मग दहाच मिनिटं झाली असोत. घोडा बिथरलेला असेल तर अर्थात लगेच उतरा. मी बोलतेय ते घोडा शांत असताना आत उठणाऱ्या वादळाबद्दल.

आणि हेही आधीच माहीत असू दे: जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नव्या आठवणींचा थर चढतो. त्यामुळे घोडा बदलला, जागा बदलली, वारा सुटला की ती पुन्हा डोकं वर काढेल. त्या दिवशी 'सगळं पाण्यात गेलं' म्हणून रडू नका. दोन पायऱ्या खाली या आणि तिथून पुन्हा चढा. मात्र पडण्याचा प्रसंग रात्री झोपेतून जागं करत असेल, दिवसा डोळ्यांसमोर उभा राहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यांच्याकडे या दुखण्यावर चांगले उपचार आहेत.

चढण्यासाठी उंच पायरी वापरायला, कोणी रिकीब धरायला संकोच वाटत असेल तर लिस हार्टेल आठवा. डेन्मार्कच्या या स्वाराला 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला मदत लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिनं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं.

आता त्या घोड्याबद्दल. त्यानं तुम्हाला पाडलं नाही. तो ताडपत्रीपासून पळाला आणि तुम्ही त्याच्या पाठीवर होतात. घोडा ही शिकारी प्राण्यांचं भक्ष्य होत आलेली जात आहे. नाकासमोरची आणि शेपटीमागची थोडी जागा सोडली तर त्याला जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, आणि कडेनं हललेलं काहीही त्याला आधी संकट वाटतं. ते काय आहे हे बघत थांबणारे घोडे रानात टिकले नसते. तुमच्या खराऱ्याशी त्यानं बेइमानी केलेली नाही. तरी तुम्हाला दुखावल्यासारखं वाटतं, हेही खरंच आहे. ज्याच्यावर जीव लावला त्याच्याकडून लागलेलं जास्त लागतं. त्याच्याकडे जा, पण एवढ्यात बसायला नको. नुसतं शेजारी उभं राहा. आणि तो एरवी शांत असेल तर त्या दिवशी एवढा का उडाला, हे तपासायला सांगा. पाठ दुखत असेल, खोगीर टोचत असेल, डोळ्यांचं काही असेल. अशा दुखण्यानंही घोडा बिचकरा होतो.

सोडून द्यायचं का? नवरा काळजीपोटी बोलतोय, त्यानं तुम्हाला हॉस्पिटलात पाहिलंय. पण उत्तर त्यानं द्यायचं नाही, मीही नाही. स्वतःला एकच विचारा: उद्या पडणार नाही अशी कोणी हमी दिली, तर जाल का? मन लगेच 'हो' म्हणालं, तर तुमच्यात आणि घोड्यात फक्त भीती उभी आहे, आणि तिच्याशी काय करायचं ते वर लिहिलंय. 'तरी नको' असं आलं, तर इच्छाच संपली आहे. मग खुशाल सोडा. घोड्याची देखभाल, त्याला हातात धरून शिकवणं, यातही आयुष्य रमतं.

हेल्मेटबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून विचारते: अजून तेच वापरताय का? पडताना त्याला मार बसला असेल तर वरून धडधाकट दिसलं तरी टाकून द्या. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसा झटका झेलत नाही.

आणि तुमची मुलगी. पत्रभर तुम्हाला काळजी आहे की तिला तुमची भीती दिसू नये. पण तुम्हीच लिहिलंय, ती कठड्याशी उभी होती. तिनं आईला पडताना पाहिलं, उठता न येताना पाहिलं. त्यानंतर चार महिने घरात त्यावर कोणी बोललेलं नाही, आणि ती आठवड्यामागून आठवडे त्याच रिंगणात घोड्यावर बसतेय. ती लहान आहे, भोळी नाही. तुमची पाठ दुखत नाही हे तिला बहुधा केव्हाच कळलंय. आज तिच्याजवळ बसा. तुम्हाला भीती वाटते हे आधी तुम्ही सांगा. मग विचारा, त्या दिवशी तिला कठड्यावरून काय दिसलं होतं.

तुमची,
ताई